निळ्या पुस्तकाची गोष्ट

काशी हे शास्त्रार्थाचे नगर. गंगेच्या काठी पंडितांच्या सभा शतकानुशतके भरत आल्या, आणि त्या सभांचा एक दंडक असा होता की, सिद्धान्त सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडला पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्व बळानिशी आधी सभेपुढे ठेवावयाचे आणि मगच त्याचे खंडन करावयाचे. पण हा दंडक पाळावयाचा तर ज्या ग्रंथावर वाद चालला आहे तो ग्रंथ दोन्ही पक्षांना खुला असला पाहिजे. एकाच्या हाती पोथी आणि दुसऱ्याच्या हाती नुसता तर्क, अशा सामन्याला शास्त्रार्थ हे नाव शोभत नाही. राज्यकारभाराचेही तसेच आहे. सरकारपाशी कागद असतात आणि विरोधकांपाशी प्रश्न असतात. कागद एकाच बाजूच्या कुलुपात राहिले, तर प्रश्न कितीही चोख असले तरी ते हवेत विरून जातात.

काशीच्या अलीकडच्या इतिहासात या कुलुपाशी झुंजलेली तीन माणसे भेटतात. त्यांतील एक पुण्याहून आलेला पाहुणा, दुसरा काशीतच जन्मलेला महाराष्ट्रीय आणि तिसरा खुद्द या जिल्ह्याच्या मातीतला. तिघांचे काळ निराळे, स्वभाव तर त्याहून निराळे. परंतु सत्तेपुढे त्यांनी टाकलेला प्रश्न एकच होता. जो कारभार लोकांच्या पैशाने चालतो, त्याचा कागद लोकांनी का पाहू नये?

पाहुणा म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. डिसेंबर १९०५मध्ये काशीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. वय अवघे एकोणचाळीस. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, लॉर्ड कर्झन विलायतेस परतलेले आणि देशभर संताप धुमसत असलेला. या मानाच्या आसनापर्यंत गोखले पोचले ते वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी आदल्या काही वर्षांत दिलेल्या झुंजीमुळे. त्या झुंजीतील एक लढत आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ती होती सरकारी गुपितांच्या कायद्याविरुद्धची.

१८८९च्या मूळ कायद्याचा मुख्य रोख लष्करी आणि आरमारी गुपितांवर होता. किल्ल्यांचे नकाशे शत्रूच्या हाती जाऊ नयेत, याबद्दल कोणाचाच मतभेद नव्हता. १९०३च्या अखेरीस कर्झन सरकारने जी दुरुस्ती आणली, तिने मात्र मुलकी कारभारही त्याच पडद्याआड ओढला. गुन्हा बिनजामिनाचा, आणि आपला हेतू निर्दोष होता हे दाखवण्याचा भार आरोपीच्याच शिरावर, असा त्या विधेयकाचा थाट होता. गोखल्यांनी डिसेंबर १९०३मध्ये आणि पुन्हा मार्च १९०४मध्ये त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा की, जे सरकार लोकांना जबाबदार नाही, त्याच्यावर लोकमताचा अंकुश राहतो तो वृत्तपत्रांच्याच द्वारे. वृत्तपत्रेदेखील, सरकारप्रमाणेच, लोकहिताची राखणदार आहेत, आणि त्यांचे तोंड बांधले तर त्याचे दुष्परिणाम अखेर सरकारलाच भोगावे लागतील. इंग्रजांच्या मालकीची पत्रेही या वेळी विधेयकाच्या विरुद्ध उभी राहिली. त्यातील काही शब्द चिकित्सा समितीत सौम्य झाले; परंतु सरकारी बहुमतापुढे एकट्यादुकट्याच्या युक्तिवादाचा पाड कितीसा लागणार? विधेयक मंजूर झाले. पुढे १९२३ साली तोच कायदा नव्या रूपात आला, आणि तो १९२३चा कायदा स्वतंत्र भारताच्या कायदेसंग्रहात आजही आहे.

दुसरे बाबूराव विष्णू पराडकर. काशीत पेशवाईच्या आधीपासून महाराष्ट्रीयांची वस्ती आहे. अशाच एका कुटुंबात १८८३ साली पराडकर जन्मले, आणि हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष म्हणून गणले गेले. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ लिहिला होता. ठिकठिकाणी छापून पडलेले आकडे एकत्र करून देशाच्या दारिद्र्याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला, आणि १९१० साली सरकारने तो ग्रंथ जप्त केला. आकडे विखुरलेले होते तोवर ते निरुपद्रवी होते. एका सामान्य वाचकाच्या हाती ते सुसंगतपणे पडताच ते राजद्रोही ठरले! माहितीचे सामर्थ्य कशात असते, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

कलकत्त्यात उमेदवारी आणि पुढे स्थानबद्धताही भोगून १९२०मध्ये पराडकर काशीस परतले आणि बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी काढलेल्या ‘आज’ या दैनिकात दाखल झाले. १९३०च्या सत्याग्रहात सरकारने वटहुकुमाने वृत्तपत्रांचा गळा आवळला, तेव्हा काशीत ‘रणभेरी’ नावाचे गुप्त पत्रक निघू लागले. त्यामागे पराडकरांचा मोठा हात होता. ते चोरून निघे आणि हातोहात फिरे. पोलीस छापे घालीत, आणि नवा अंक निघतच राही. सत्य प्रकट करण्याचा राजमार्ग बंद झाला की लोक गल्लीबोळ शोधतात, आणि काशीत गल्लीबोळांची वाण कधीच नव्हती. मात्र गल्लीबोळातून आलेल्या वार्तेला पुरावा मागता येत नाही, तिची शहानिशा होत नाही. म्हणून ज्या राज्यात माहितीचा राजमार्ग खुला असतो, त्या राज्यात सरकारचेही हितच असते. कारण अफवेला तेथे जागा उरत नाही.

तिसरे राजनारायण. वाराणसी जिल्ह्यात १९१७ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण काशी हिंदू विश्वविद्यालयात झाले आणि १९४२च्या आंदोलनात ते विद्यार्थी-पुढारी म्हणून पुढे आले. समाजवादी पक्षाच्या या कार्यकर्त्याने काशी विश्वनाथाच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणूनही सत्याग्रह केला होता. अंगाने धिप्पाड, बोलण्यात रांगडे, सभागृहातून मार्शलांनी उचलून बाहेर न्यावे असे प्रसंग वारंवार ओढवून घेणारे राजनारायण हे सौम्य गोखल्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. तरीही नागरिकाच्या जाणून घेण्याच्या हक्काची गंगा भारतीय न्यायशास्त्रात जिथून उगम पावते, त्या खटल्याला नाव आहे ते त्यांचेच.

मार्च १९७१च्या लोकसभा निवडणुकीत रायबरेली मतदारसंघात राजनारायण हे पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि एक लाखाहून अधिक मतांनी पडले. पडलेला उमेदवार सामान्यतः घरी जातो. राजनारायण अलाहाबादच्या उच्च न्यायालयात गेले. २४ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी दाखल केलेल्या याचिकेत अनेक आरोप होते. त्यांतील एक असा की, पंतप्रधानांच्या प्रचारसभांसाठी व्यासपीठे उभारणे, ध्वनिक्षेपकांची व्यवस्था करणे ही कामे राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांनी केली. म्हणजे एका उमेदवाराच्या प्रचाराला सरकारी यंत्रणा राबविली गेली. सरकारचे उत्तर होते की, हे सर्व पंतप्रधानांच्या सुरक्षिततेसाठी ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणेच झाले. मग ते नियम कोठे आहेत? ते होते ‘ब्लू बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका पुस्तिकेत. पंतप्रधान दौऱ्यावर असताना त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था कशी ठेवावी, याविषयीच्या सूचनांचे ते संकलन होते.

राजनारायण यांनी ते निळे पुस्तक न्यायालयापुढे मागितले. ज्या नियमांचा आधार सांगितला जातो ते नियम दाखवा, एवढीच मागणी! उत्तर प्रदेश सरकारने ती नाकारली. पुराव्याच्या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्यान्वये राज्याच्या कारभाराविषयीचे अप्रकाशित कागद खातेप्रमुखाच्या अनुमतीवाचून पुराव्यात येऊ शकत नाहीत. तिचा आश्रय सरकारने घेतला. मार्च १९७४मध्ये उच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. कारण विशेषाधिकार रीतसर शपथपत्राने आणि योग्य वेळी मागितलेला नव्हता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ जानेवारी १९७५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला.

या निकालाबद्दल एक गोष्ट नेहमी विसरली जाते. त्या दिवशी राजनारायण जिंकले नव्हते. सरकारचे अपील मान्य झाले आणि उच्च न्यायालयाचा आदेश रद्द ठरला. परंतु सरकारने गुपित म्हटले म्हणजे ते गुपित, हे न्यायालयाने मान्य केले नाही. शपथपत्राने समाधान झाले नाही तर न्यायाधीशाने तो कागद स्वतः वाचावा, गुप्त ठेवणे खरोखर आवश्यक असेल तेवढा भाग वेगळा काढावा आणि उरलेला उघड करावा, असा मार्ग त्याने आखून दिला. न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात याहून मूलगामी विचार मांडला. ज्या राज्यपद्धतीत जनतेचे सर्व सेवक आपल्या वर्तनाला जबाबदार असतात, तेथे गुपिते फार थोडी असू शकतात. सार्वजनिक अधिकारी सार्वजनिक रीतीने जे जे करतात, ते ते जाणण्याचा लोकांना हक्क आहे. हा हक्क निरपवाद नाही, हे त्यांनी मानले; परंतु ज्या व्यवहारांचा देशाच्या सुरक्षिततेशी संबंध नाही त्यांवरही गुप्ततेचे पांघरूण घातले गेले, तर नागरिकाने सावध व्हावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १२ जून १९७५ रोजी न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवड रद्द ठरविली. त्यासाठी जे दोन मुद्दे ग्राह्य धरले गेले, त्यांतील एक व्यासपीठे आणि ध्वनिक्षेपक यांच्याविषयीचाच होता. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, राजनारायण तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीमती गांधींची निवड वैध ठरविली. मात्र १९७७ साली रायबरेलीच्या मतदारांनी त्याच राजनारायणांना निवडून दिले आणि ते केंद्रीय मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले.

या गोष्टीतील सर्वांत बोधप्रद भाग येथेच आहे. विरोधी पक्ष आता सत्ताधारी झाला होता. जाणण्याच्या हक्काला ज्यांच्या खटल्याने जन्म दिला, ते गृहस्थ स्वतः मंत्री होते. १९७७ साली जनता सरकारने सरकारी गुपितांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी एक अभ्यासगट नेमला. त्या गटाने कायद्यात काहीही बदल सुचविला नाही. कर्झनच्या काळापासून चालत आलेले कुलूप जसे होते तसेच राहिले. केवळ किल्ली ज्यांच्या हाती होती ती माणसे बदलली.

ते कुलूप उघडावयास आणखी अठ्ठावीस वर्षे लागली, आणि ते उघडले तेही संसदेच्या आतून नव्हे. राजस्थानातील मजूर आपल्या मजुरीचे हजेरीपट मागू लागले. ब्यावर येथे १९९६ साली त्यांनी चाळीस दिवस धरणे धरले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी उपोषणांनी हा प्रश्न धसास लावला आणि राज्याला २००२चा कायदा मिळाला. मग १२ ऑक्टोबर २००५ रोजी सबंध देशासाठी माहितीचा अधिकार अमलात आला. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांत उत्तर, आणि माणसाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. निळ्या पुस्तकासाठी एका पुढाऱ्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. आता वाराणसीच्या एखाद्या विणकरालाही साध्या कागदावर अर्ज लिहून सरकारला तोच प्रश्न विचारता येऊ लागला.

कायदा झाला, पण त्याची धार बोथट करण्याचे प्रयत्न वर्षभरातच सुरू झाले. २००६ साली तत्कालीन केंद्र सरकारने फाइलींवरील टिपणे या कायद्यातून वगळण्याचा घाट घातला. निर्णय काय झाला हे कळावे, पण तो कोणाच्या कोणत्या शेऱ्यामुळे झाला हे कळू नये, असा त्याचा अर्थ. हजारे यांनी आळंदीस उपोषण मांडले, देशभर विरोध झाला आणि सरकारने तो बेत सोडला. जून २०१३मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांनाही हा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. तेव्हा मात्र एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका सुरात बोलू लागले; पक्षांना वगळणारे विधेयकही लोकसभेत आले. ते मंजूर न होताच बारगळले हे खरे, पण पक्षांनी आयोगाचा निर्णयही पाळला नाही. जुलै २०१९मध्ये दुसऱ्या सरकारने माहिती आयुक्तांचा पाच वर्षांचा निश्चित कार्यकाल आणि निवडणूक आयुक्तांच्या तोडीचे वेतन काढून घेऊन, ते ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. ज्याने सरकारच्या विरुद्ध निवाडा द्यावयाचा, त्याची मुदत आणि पगार सरकारनेच ठरवावयाचे! हे विधेयक निवड समितीकडे पाठवावे ही विरोधकांची मागणी राज्यसभेत ७५ विरुद्ध ११७ मतांनी फेटाळली गेली.

सर्वांत ताजा वाद २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यात खाजगी माहितीला पूर्वीही संरक्षण होते, परंतु ते मर्यादित होते. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, किंवा उघड झाल्यास खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होईल अशीच माहिती नाकारता येत असे. आणि लोकहित मोठे असेल तर तीही द्यावी लागे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे एक वाक्यही तेथे होते. नव्या कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने या साऱ्या अटी पुसून ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच अपवाद ठेवला. एप्रिल २०२५मध्ये विरोधी आघाडीच्या १२०हून अधिक खासदारांनी ही तरतूद रद्द करावी असे पत्र सरकारला दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती अमलात आली.

सरकारचा पक्षही त्याच्या बळानिशी मांडला पाहिजे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एकमुखाने सांगितले आहे. दोन हक्कांचा मेळ घालणे हे कायदेमंडळाचे कर्तव्यच आहे. शिवाय, लोकहित अधिक महत्त्वाचे असल्यास माहिती देता येईल ही माहिती अधिकारातील दुसरी तरतूद अजून शाबूत आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु त्याने तराजू उलटा होतो. पूर्वी माहिती का द्यावयाची नाही, हे अधिकाऱ्याला सांगावे लागे. आता ती का द्यावी, हे नागरिकाला पटवून द्यावे लागणार. आणि सार्वजनिक जीवनातील कोणता कागद असा आहे, ज्यावर कोणा व्यक्तीचे नाव नाही? हजेरीपटावर मजुराचे नाव असते, शिधावाटपाच्या यादीत कुटुंबाचे, कंत्राटावर कंत्राटदाराचे, आणि फाइलीवरच्या शेऱ्याखाली अधिकाऱ्याचे. नावे झाकली की हजेरीपटावरचा खोटा मजूर आणि खरा मजूर सारखेच दिसतात. खाजगीपणा हे दुर्बळाचे चिलखत आहे. ते बलवंताच्या अंगावर चढले, तर त्याला हात लावण्याचा मार्गच उरत नाही.

या सव्वाशे वर्षांच्या हकिकतीत पक्षांची नावे बदलत गेली. दडविणारे आणि मागणारे यांनी आपापल्या जागा अनेकदा बदलल्या. त्यावरून विरोधकांचा विरोध ढोंगी असतो, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावळेपणाचा ठरेल. विरोधी बाकांवर बसलेल्या माणसाला अंधाराची जाणीव होते, कारण तो अंधारात बसलेला असतो. त्याची तक्रार खरी असते. मात्र बाक बदलल्यावर ती जाणीव टिकतेच असे नाही. म्हणून विरोधकांचे पत्र, त्यांचे भाषण आणि त्यांचे मत यांची किंमत मोठी असली, तरी या हक्काची राखण एकट्या त्यांच्यावर सोपवून चालत नाही.

आणखीही एक गोष्ट या इतिहासातून दिसते. गोखले कायदेमंडळात हरले, राजनारायण सर्वोच्च न्यायालयात हरले, २०१९चा विरोध राज्यसभेत हरला. पण गोखल्यांच्या भाषणांतील न्याय आज कोणी नाकारीत नाही, आणि राजनारायण ज्या खटल्यात हरले त्याच खटल्याच्या पायावर फेब्रुवारी २०२४मध्ये निवडणूक रोखे रद्द करणाऱ्या निकालापर्यंतची वाट बांधली गेली. नोंदला गेलेला पूर्वपक्ष कधी वाया जात नाही. तो नोंदविण्याचे काम संसदेत खासदार करतील, न्यायालयात वकील करतील. पण त्याची सुरुवात तालुक्याच्या कचेरीत दहा रुपये भरून एखादा कागद मागणाऱ्या माणसापासून होते. त्याला अधिकारी विचारील, हा कागद तुम्हांला कशासाठी हवा? कायद्याने या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन अजूनही त्याच्यावर घातलेले नाही. त्याने फक्त मागत राहावे.